आधी गंधारला विचारा

—नाही, तुमचं बरोबर आहे साहेब, बँकेचा काही दोष नाही. तुम्ही नियमानं फोन लावला, फोन उचलला गेला, पलीकडून सांगितलं गेलं की आमच्या घरातून असा काही कर्जाचा अर्ज नाही, आणि तुम्ही ऋतुजाची फाईल थांबवली—मी तुमच्या जागी असतो तर मीही थांबवली असती. आता तुम्ही म्हणता, मुलाला बोलवा तुमच्या, गंधारला, दोन मिनिटं बोलतो आणि फाईल पुढं सरकवतो. जरा पंख्याखाली सरकून बसा ना, तिथं वारं लागत नाही. बोलवलं असतं हो. पण त्याच्या आधी तुम्हाला एक दिवस सांगावा लागेल, त्याशिवाय ह्याचा खुलासा व्हायचा नाही. साधाच दिवस होता. म्हणजे लातुरात साधा म्हणायचा तसा—नळाला पाणी यायचा दिवस. तुम्ही रेवणसिद्ध, औशाचे ना? मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं. त्या दिवशी घरात कुणी आजारी पडत नाही, कुणी रुसत नाही, पाहुणा आला तर आधी त्याच्या हातात घागर देतात आणि मग रामराम करतात. मी शाळेतून अर्धी रजा टाकलेली. भूगोल शिकवतो मी, आठवीला नद्या शिकवतो—हसा, सगळेच हसतात. विशाखा, माझी मिसेस, आत पिंपं भरून घेत होती, ऋतुजा गच्चीवर टाकीपाशी, आणि मी अंगणात नळी धरून. खिशात फोन वाजला. बघितलं तर गंधार. नांदेडला नोकरीला होता तो, सुट्टीला मोटारसायकलवर यायचा. मी त्याला बोलूच दिलं नाही—"पाणी आलंय रे, नंतर कर"—आणि ठेवून दिला. लगेच परत वाजला. परत गंधार. मी म्हटलं, "अरे, सांगितलं ना तुला—" तर पलीकडं आवाज दुसराच. चाकूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला थांबलेला कुणीतरी भला माणूस, गंधारच्याच फोनवरून बोलत होता. "ह्याच्यात पप्पा म्हणून नंबर हाय. तुमीच पप्पा का?" म्हणाला. मी हाव म्हटलं. पुढचं त्यानं सांगितलं. नळी चालूच राहिली साहेब, अंगण भरून पाणी रस्त्यावर गेलं आणि शेजारच्या वहिनी गच्चीवरून ओरडत होत्या—सर, पाणी वाया चाललंय, सर.

नाही नाही, उठू नका. तुम्हाला कुठं माहीत होतं. फाईलमध्ये असतं थोडंच असलं काही. बसा. दोन वर्षं होतील आता. चहा ठेवलाय तिनं, तो घेतल्याशिवाय जायचं नाही. फक्त बोलायचं तेवढं हळू बोलू—ती आत आहे, आणि ह्या फोनचं तिला काही ठाऊक नाही. ऋतुजा बाहेर गेलीय, ट्यूशन एरियात, मार्कमेमोच्या झेरॉक्स काढायला. येईलच.

मग फोन कुणी उचलला—हेच तुमच्या ओठावर आलंय ना? सांगतो. मास्तर माणूस आहे, क्रमानं सांगितल्याशिवाय जमत नाही. आता बघा, आमच्यासारख्या घरांमध्ये एक रीत पडून गेलीय. घरातला जो पोरगा मोबाईल-कॉम्प्युटर जाणतो, त्याचा नंबर सगळ्यांना लावायचा. आईच्या आधारला त्याचा, बापाच्या बँकेला त्याचा, गॅसला त्याचा, बहिणीच्या शाळेला त्याचा. मी बी.ए. बी.एड. माणूस, पण माझ्या पगाराचा मेसेज गंधारला जायचा आणि तो मला कळवायचा, पप्पा, तुमचा पगार झाला, आता रागावू नका कुणावर. त्यालाही कारण होतं. एकदा एकाचा फोन आला, सर, तुमचं कार्ड बंद पडणार आहे, आलेला नंबर सांगा. मी सांगितला. सावकाश, एकेक आकडा तोडून. पोटमाळ्यावरून गंधार धावत आला, फोन ओढून घेतला हातातून. "पप्पा, तुम्ही फळ्यावर लिहून दिल्यासारखा ओटीपी सांगता! चोराला दोनदा विचारावं लागत नाही!" महिनाभर घरात तोच विषय. विशाखा सुद्धा, भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायची, ह्यांना ओटीपी विचारा. तेव्हापासून सगळा जिम्मा त्याच्याकडं. आम्ही सुटलो म्हणा.

त्यानंतर ते प्रकरण झालं. ऋतुजाला अकरावीला एका क्लासला घातलं. नाव नको घ्यायला, लातुरात क्लासला काय तोटा. तुम्हाला माहीतच आहे—हिंगोलीचा, परभणीचा, पार बीडचा पोरगा इथं येऊन कॉट बेसिसवर राहतो, आणि आमच्या गल्लीतल्या मुलीलाही रांगेतच उभं राहावं लागतं. काउंटरवर माझं पॅन, आधार, दोन फोटो, सगळ्यांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या. कुठल्या हातातून कुठं गेल्या, देव जाणे. वर्षाच्या आत माझ्या नावानं दोन महागडे मोबाईल आणि एक फ्रीज हप्त्यावर उचलला गेला, मी जन्मात पाय ठेवला नाही अशा गावातून. वसुलीवाला दारात आला तेव्हा कळलं. गंधार पेटला. रजा काढून आला, पोलीस चौकी, बँका, ईमेल, सगळं त्यानं केलं, आणि शेवटी माझ्या क्रेडिट रिपोर्टवर तो अलर्ट लावून घेतला. म्हणजे ह्या माणसाच्या नावानं कुणी कर्ज मागितलं, तर देण्याआधी अमुक नंबरवर फोन करून खात्री करा. नंबर कुणाचा? त्याचाच. आणखी कुणाचा असणार. मला म्हणाला, "पप्पा, आता तुम्हाला कुणी फसवणार नाही. आधी मला विचारावं लागंल." तोंडभर हसत म्हणाला. मला बरं वाटलं तेव्हा. बाप असून बरं वाटलं.

आता त्या अलर्टचं सांगतो, तुम्ही बँकेतले असलात तरी ह्या बाजूनं तुम्ही तो बघितला नसेल. अलर्ट चोराला दिसत नाही साहेब, मला दिसतो. चोर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो, कुठं ना कुठं कुणीतरी न विचारता देतोच. अडकतो कोण, तर मी. आमचा घरचा फ्रीज बिघडला तेव्हा गंजगोलाईत माणिकप्पांच्या दुकानात गेलो. वीस वर्षांची ओळख, त्यांची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेलेली. हप्त्यावर घ्यायचा होता. कागद केले, फोटो काढला, आणि माणिकप्पा त्या मशीनकडं बघत बसले. "सर, तुम्हाला कोण ओळखत नाही हो? पण हे नाही म्हणायलंय." गंधार तिकडं मीटिंगमध्ये, फोन उचलेना. तासभर बसलो. गिऱ्हाईक येतंय, मला नमस्कार करतंय, आणि मी चोरासारखा स्टुलावर. माणिकप्पांनी दोनदा चहा पाजला, दुसऱ्या वेळेला डोळ्याला डोळा भिडवला नाही. स्वतःच्या नावाला स्वतःचीच साक्ष चालत नाही, असं ते आहे. मी म्हणतो मी आहे, ते म्हणतात थांबा, गंधारला विचारू. घरी येऊन भांडलो मी त्याच्याशी, काढून टाक म्हटलं ते. तो म्हणाला, "कुलूप लावलं की आपल्यालाही किल्लीसाठी थांबावं लागतंच की पप्पा." किल्ली त्याच्याजवळ होती. त्याचा कुणी विचार केला नाही. किल्ली एकाच्याच जवळ आहे आणि तो रोज मोटारसायकलवर हिंडतो, हा विचार कुणी करतच नाही साहेब. तुमची बँक करते का?

घ्या, चहा आला. —हे बँकेतले साहेब, ऋतुजाच्या कामासाठी आलेत. होईल, होईल म्हणतात. तू जा आत.

—ऐकलं का तिनं काही? नसेल. हल्ली ती आतला पंखा जोरात ठेवते.

तर फोन. चाकूरच्या ठाण्यातून त्याच्या वस्तू मिळाल्या, एका पिशवीत. घड्याळ, पाकीट, फोन. काचेला एक तडा, बाकी चालू. तुम्ही म्हणाल, सिम बंद करायचं. सगळेच म्हणाले. पण सगळं घर त्या नंबरला बांधलेलं—पगार त्यावर, गॅस त्यावर—म्हटलं चार दिवस राहू दे. चार्ज करून कपाटात ठेवला. आणि तेरावा होऊन गेल्यावर, एका दुपारी, मी एकटाच होतो, कपाटातून तो वाजला. त्याचीच रिंग. मी उघडून उभा राहिलो. उचलला. एक मुलगी होती, कुठल्यातरी फायनान्स कंपनीची, मराठी बोलायला नवी असावी. "गंधार सर बोलताय का?" म्हणाली.

बोलताय का. साहेब, त्या दिवसांत गावभर सगळे होता-होता करत होते. चांगला होता, हुशार होता, शेवटी कधी आला होता. आणि ही विचारते, बोलताय का.

मी हो म्हटलं.

मग ती म्हणाली, तुमच्या वडिलांच्या नावानं एक अर्ज आलाय, तुम्हाला माहीत आहे का? म्हणजे चोर खरंच परत आला होता. मी म्हटलं, नाही, देऊ नका, वडील साधे आहेत, त्यांना ह्यातलं कळत नाही. हे अगदी त्याचंच वाक्य, जसंच्या तसं आलं तोंडात. ती म्हणाली, "थँक्यू गंधार सर, काळजी घ्या." मी फोन ठेवला आणि जेवलो. त्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो. विशाखानं बघितलं, ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तुम्हाला वाटेल मास्तर बहकला. थांबा. भूकंपाच्या वेळी तुम्ही पाळण्यात असाल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आम्हा मास्तरांना किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडांवर पाठवलं होतं, मदत वाटायला. माझा आवाज मोठा, म्हणून नावं पुकारायचं काम माझ्याकडं. नाव घ्यायचं, माणसानं हाय म्हणायचं, पुढं येऊन घोंगडी घ्यायची. तिथं केवळाबाई म्हणून एक होती. तिच्या पोराचं नाव रामकिशन. तो गेला होता, पण यादी जुनी. मी रामकिशन म्हटलं की मागून बाईच्या आवाजात यायचं—"हाय!" पण घोंगडी न्यायला ती पुढं यायची नाही. एके दिवशी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, बाई, घ्यायची नाही तर हाय कशाला म्हणता? ती म्हणाली, "तुमी नाव घेता नव्हं मास्तर? नाव घेतल्यावर कुनीतरी ओ द्याया नको का?" पुढं ती शेजारच्यांच्या नावालाही ओ द्यायला लागली. गेलेल्यांच्या, मग असलेल्यांच्याही. जिवंत माणूस समोर उभा, तोंड उघडायच्या आत हिचं हाय. लोक आधी हसले, मग चिडले, मग तिच्यापासून लांब बसायला लागले. एकदा एका लेकुरवाळ्या बाईच्या नावाला तिनं ओ दिली तर त्या बाईच्या नवऱ्यानं दगड उचलला. मला तेव्हा ती बाई भेसूर वाटायची. पंचविशीत माणसाला काय कळतं.

कशावरून निघालं हे—हां. तो फोन. त्यानंतर काही आठवडे वाजलाच नाही. चोरानं नाद सोडला असेल. मी रोज कपाट उघडून बघायचो, चार्जिंग आहे ना, रेंज आहे ना. रिचार्ज संपू दिला नाही. आणि मग एके दिवशी शाळेतून येताना—काही ठरवून नाही बरं का—शिवाजी चौकातल्या एका दुकानात गेलो आणि हप्त्यावर मिक्सर विचारला. आमचा मिक्सर चांगला आहे. कागद दिले, फोटो दिला, घरी आलो. संध्याकाळी वाजला. "गंधार सर बोलताय?" मी हो म्हटलं. "वडिलांनी मिक्सरसाठी—" मी म्हटलं, नाही हो, देऊ नका.

तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे ना माझा, त्यात ती सगळी चौकशी दिसते. तुम्ही आल्या आल्या मला दाखवली, म्हणालात सर, तुमच्या नावावर कुणीतरी हात मारतंय, सारखे अर्ज, मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, स्कूटी, वैयक्तिक कर्ज, आणि प्रत्येक वेळी तुमच्या मुलानं वाचवलंय. स्कोअर पार खाली गेलाय म्हणालात. मी तक्रार करावी म्हणालात. कुणाविरुद्ध करू?

हो. मीच.

असे बघू नका. कुणाचं काही घेतलं नाही मी. एक रुपया उचलला नाही. फक्त विचारायला लावलं. आणि त्या पोरी किती नीट बोलतात साहेब. एक होती, तिनं ओळखलं, म्हणाली, सर, मागच्या वेळीही मीच बोलले होते, तुमच्या पप्पांना सांभाळा, कुणीतरी त्यांच्या मागे लागलंय. मी म्हटलं, हो, लक्ष आहे माझं त्यांच्यावर. ह्या अलर्टची मुदत असते, तुम्हाला माहीतच आहे, ती संपली की तो आपोआप निघून जातो. मी तो जाऊ दिला नाही. मी नवा लावला. मीच अर्ज केला आणि संपर्काच्या रकान्यात त्याचाच नंबर घातला. तुम्ही आता विचाराल, हा अलर्ट मुलाच्या निधनानंतरचा कसा. त्याचं असं आहे.

बरं, आता तुमचा फोन. परवा सकाळचा. मला माहीत होतं ऋतुजाचं प्रकरण बँकेत आहे. तिला नांदेडला आयुर्वेदाला जागा लागलीय, उद्या पैसे भरायची शेवटची तारीख, नाही भरले तर ती जागा दुसऱ्याला जाते, वर्ष जातं—सगळं माहीत आहे मला. रात्र-रात्र बसून शिकलेली पोरगी आहे. दादा गेला त्या वर्षी बारावी सोडून बसली होती, परत उभी राहिली. सहकर्जदार म्हणून माझीच सही आहे तुमच्या अर्जावर. तर फोन वाजला, मी उचलला, तुमच्या शाखेतला एकजण होता. "गंधार सर बोलताय का? तुमच्या बहिणीच्या शिक्षणासाठी वडिलांनी नांदेडच्या कॉलेजचं—" नांदेड म्हणाला तो. आणि इकडून उत्तर गेलं, नाही, आमच्या घरातून असा अर्ज नाही, थांबवा.

आता तुम्ही म्हणाल, सर, ते तुम्हीच बोललात. बोललो मीच. पण मी हो म्हणणार होतो. खरं सांगतो, हो म्हणायलाच उचलला होता फोन, मनात धरून उचलला होता. पण गंधार नाही म्हणाला. तो रस्ता त्याला माहीत आहे साहेब, तुम्हाला-मला माहीत नाही. अहमदपूर, चाकूर, ते वळण, कडेला लावलेले ट्रक—ती काय तिथं कायमची राहणार आहे का? सणावाराला येणार, सुट्टीला येणार, कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून येणार. मी नळी धरून उभा असेन आणि खिशात वाजेल. तेव्हा तिच्या फोनवर पप्पा म्हणून कुणाचा नंबर शोधायचा लोकांनी?

काय आहे तो कागद? हां, नंबर बदलायचा अर्ज. भरूनच आणलात, माझं नाव, माझा मोबाईल, सगळं. खाली फक्त सही. मग त्या फोनवर एक ओटीपी येणार, तो तुम्हाला वाचून दाखवायचा, आणि अलर्ट माझ्या नंबरवर येणार. मग मला विचारतील, मी हो म्हणेन, दुपारपर्यंत कर्ज मंजूर, उद्या पोरीचे पैसे कॉलेजात. सोपं आहे. चांगले माणूस आहात तुम्ही, दुसरा असता तर शाखेतूनच नाही म्हणून मोकळा झाला असता. पेन आहे माझ्याकडं, राहू द्या.

आणि त्यानंतर त्या नंबरवर कोण फोन करील?

नाही, विचारतो आपलं. गॅसवाले मेसेज करतात, फोन नाही करत. कोण म्हणेल, गंधार सर बोलताय का?

—कुणाला लावताय? साहेब, मी बोलतोय ना तुमच्याशी, मध्येच फोन कुणाला—

वाजायलाय. माझ्याच खिशात आहे, हल्ली शाळेतही बरोबर असतो. तुमचाच नंबर आहे हा? म्हणजे समोर बसून तुम्ही त्याला लावलात. बरं केलंत. नियम आहे. नियमानं जे विचारायचं ते विचारा, मी मध्ये बोलत नाही.

हॅलो. हो, गंधार बोलतोय. —बोला ना साहेब, गप्प का? तुम्ही लावलाय फोन. —हो, अनंतराव माझे वडील. साधे आहेत, कुणी काही सांगितलं की सही करून टाकतात. नाही, आमच्या घरातून असा काही अर्ज नाही. बहीण आहे, ऋतू, पण ती नांदेडला जाणार नाही. तिला विचारायची गरज नाही, मी सांगतोय ना. कुणीतरी कागद आणून वडिलांपुढं ठेवलेत, तेवढे परत न्या. आणि वडिलांना त्रास देऊ नका.

थँक्यू. काळजी घ्या.

झालं समाधान? विचारलंत तुम्ही, त्यानं सांगितलं. आता फाईलवर काय लिहायचं ते लिहा. उठा साहेब, चहा तसाच राहिला तुमचा, राहू द्या. चप्पल त्या बाजूला आहे. फाटकाची कडी ओढून घ्या, आवाज करू नका. ती कोपऱ्यावरून येतेय बघा, हातात झेरॉक्सची पिशवी—तुम्ही डावीकडून निघून जा. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.